रेवाचा डबा

"पाच मिनिटांत डबा," उकडलेल्या बटाट्याचा गोळा तळहातावर चपटा करत हिमानी म्हणाली, आणि टेबलाभोवती जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. बटाटे कोणी उकडले, साली कोणी काढल्या, पोहे कोणी भिजवले, हे एकीनेही विचारलं नाही. कधीच कोणी विचारत नसे. जालना रोडवरच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शनिवार-रविवारी येणाऱ्या बायकांबद्दल हिमानीचं मत पहिल्या महिन्यातच पक्कं झालं होतं, आणि ते बदलावं असं नंतर काही घडलं नव्हतं. यांना पदार्थ नको असतो. आपण चांगल्या आई आहोत अशी कोणाची तरी पावती हवी असते, आणि ती बिलाबरोबर मिळते.

तिने टिक्क्या जाळीवर मांडल्या, अत्तर मारावं तसा त्यांच्यावर तेलाचा फवारा मारला आणि ड्रॉवर आत ढकलला. एअर फ्रायर घूं घूं करू लागला. त्या यंत्राबद्दलही तिचं मत फारसं बरं नव्हतं. लहानशी भट्टी, तिला आतून वारा घालायचा आणि बाहेरून काळा चकचकीत रंग द्यायचा, झालं. पण ती होम सायन्सची पदवीधर होती आणि हे दुकान तिला आठवड्यातून दोन दिवस लाल एप्रन घालून उभं राहण्याचा पगार देत होतं. बाकीचे पाच दिवस ती सिडकोतल्या एका डायग्नोस्टिक सेंटरच्या काउंटरवर बसून लोकांना नंबर देत असे. तिथे निदान कोणी हसायला सांगत नव्हतं.

बायकांचं बोलणं सुरू झालं. एकीचा मुलगा भाजीला हातच लावत नव्हता. दुसरीची मुलगी फक्त चीज खात होती. तिसरीच्या जुळ्यांना तर पोळी पाहिली की उलटी येत होती. हे सगळं त्या अशा तोऱ्यात सांगत, की मुलाला जणू कुठली पदवी मिळाली आहे. हिमानी हसून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, दोन दिवस उपाशी ठेवा, भाकरीचा चुरासुद्धा वेचून खातील.

मग तो प्रश्न आला. तो यायचाच.

"तुमची मुलं खातात का हो हे?"

"रेवा तर रोज मागते," हिमानी म्हणाली. "फक्त शिमला मिरची दिसली की डबा तसाच परत. म्हणून मी किसून घालते. तिला कळतही नाही."

बायका खूश होऊन हसल्या. दोघी तर किंमत बघायला आत वळल्या.

रेवा नावाची मुलगी जगात कुठेही नव्हती.

ती जन्मली प्रणयमुळे. प्रणय दुकानाचा फ्लोअर मॅनेजर, सव्वीस वर्षांचा, बुटांना पॉलिश आणि जिभेला तेल. हिमानी कामाला लागली त्या आठवड्यात एकही फ्रायर खपला नव्हता. तेव्हा त्याने तिला बाजूला घेऊन समजावलं होतं, की मॅडम, बायका मशीन बायकांकडून घेत नसतात, आयांकडून घेतात. तुम्ही फक्त आई व्हा. गळ्यात काहीतरी घाला, बारीकसं चालेल. त्या पोराची हिमानीला कीव आली. पण दुसऱ्या दिवशी काळ्या मण्यांची एक नाजूक सर घालून ती आली, आणि एका बाईने विचारल्यावर "माझी मुलगी आवडीने खाते" असं सहज बोलून गेली. बाईने तिथल्या तिथे फ्रायर घेतला. हिमानीला त्या बाईचा तिरस्कार वाटला. इतक्या स्वस्तात फसतात या.

नंतर मुलीला नाव मिळालं. मग शिमला मिरचीचा राग मिळाला, पुढचा पडलेला दात मिळाला, शाळेच्या व्हॅनमध्ये खिडकीच्या जागेसाठी भांडणारी एक मैत्रीण मिळाली. रेवा तिसरीत होती. गेल्या वर्षीही तिसरीतच होती. ही थापच आहे, पोटापुरती थाप, असं हिमानी स्वतःला बजावत असे. पण भाजी बाजारात कोवळा फ्लॉवर दिसला की हा रेवाला चालेल, असं तिच्या मनात येऊन जायचं, आणि मग आपण या दुकानातल्या बायकांइतक्याच मूर्ख झालो की काय, या विचाराने ती झपझप चालू लागायची.

टिक्क्या झाल्या. हिमानीने ड्रॉवर ओढला, कागदी बशीत दोन टिक्क्या ठेवल्या आणि समोर उभ्या असलेल्या एका लहान मुलीपुढे धरल्या. मग त्या मुलीचा हात धरून उभ्या असलेल्या म्हातारीकडे तिची नजर गेली.

त्या यमुनाबाई होत्या. तिच्या सासूबाई. म्हणजे एकेकाळच्या.

समर्थनगरच्या त्या घरात हिमानीने नऊ वर्षं काढली होती, आणि ते सोडूनही आता दहा-बारा वर्षं झाली होती. नवरा विश्वजित विमा कंपनीत नोकरीला, स्वभावाने गरीब. म्हणजे आईसमोर गरीब. मूल होईना, तेव्हा सोमवारी वेरूळ आणि शुक्रवारी उपास सुरू झाले, आणि वेरूळलाही हिमानीनेच जायचं आणि उपासही तिनेच धरायचे असं ठरलं. शेवटी तिने स्वतःहून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट स्वच्छ होता. डॉक्टरांनी आता यजमानांना पाठवा म्हणून सांगितलं. तिने तो रिपोर्ट यमुनाबाईंच्या पुढ्यात ठेवला, तेव्हा वाती वळता वळता त्या म्हणाल्या होत्या, कागदाला काय, कागद काहीही सांगतो. आमच्या घराण्यात असलं काही नाही. विश्वजित पेपर वाचत होता. तो पेपर वाचतच राहिला. हिमानीला त्या दिवशी राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. तिला त्या दोघांची किळस आली, आणि ती किळस तिने जपून बरोबर नेली. पुढे कोर्ट झालं, विश्वजितचं दुसरं लग्न झालं, आणि त्या बाईलाही दिवस जाईनात हे गुलमंडीच्या बाजारातून सिडकोपर्यंत आपोआप पोचलं. ते कळलं त्या दिवशी हिमानी दोन घास जास्तच जेवली होती.

आता त्याच यमुनाबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. वाळल्या होत्या. बरोबरची मुलगी त्यांच्या लेकीची, ईरा. ती टिकी फुंकून फुंकून खात होती. बाकीच्या बायका प्रणयच्या मागोमाग आत गेल्या, तशा यमुनाबाई पुढे सरकल्या.

"हिमानी ना गं तू?"

"हो."

त्यांची नजर आधी तिच्या गळ्यातल्या मण्यांवर गेली. मग त्यांनी विचारलं, "मुलगी कितवीत आहे?"

"तिसरीत." सवयीने तोंडातून निघून गेलं.

यमुनाबाईंचे ओठ हलले. त्या वर्षं मोजत होत्या, हे हिमानीला दिसत होतं. मोजून झाल्यावर त्यांनी शेजारचं प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि त्यावर जपून बसल्या.

"म्हणजे तुझ्यात काही नव्हतं," त्या म्हणाल्या.

हे वाक्य ऐकण्यासाठी हिमानीने एके काळी काय दिलं नसतं. त्या घरातून निघताना, कोर्टाच्या व्हरांड्यात, माहेरी वहिनीच्या तोंडाकडे बघत बसलेल्या त्या पहिल्या वर्षात. ते आज ऐकायला मिळालं, वॉशिंग मशीनच्या रांगेसमोर, एप्रन घालून उभी असताना. डॉक्टरांच्या सहीवर या बाईचा विश्वास बसला नव्हता. तो बसला एका टिकीवर, फ्रायर खपवायच्या थापेवर. हिमानीला हसू आलं. 

यमुनाबाई खालच्या आवाजात सांगत होत्या. विश्वजितची बायको गंगापूरला माहेरी निघून गेली होती, परत येण्याचं नाव नव्हतं. तिलाही मीच बोलत होते, असं त्यांनी सांगितलं. विश्वजित आता घरात कोणाशी बोलत नसे, कामावरून आला की टीव्हीसमोर बसे. तपासून घे असं त्याला सांगायची आता सोय राहिली नव्हती. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज कापत नव्हता. हिशोब चुकल्याचं सांगावं तसं त्या सांगत होत्या, आणि हिमानीला त्यातही त्यांचा जुना तोरा दिसत होता. चूक कबूल करायची तीही मीच, माझ्या सोयीने, स्टुलावर बसून.

मग त्यांनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून घडी घातलेली एक नोट काढली आणि टेबलावर, टिक्क्यांच्या बशीशेजारी सरकवली.

"पोरीच्या हातावर ठेव. आजीनं दिले म्हणावं." नोट आणखी पुढे सारत त्या म्हणाल्या, "एकदा घेऊन ये तिला घरी. ओवाळीन मी. नाही म्हणू नकोस."

हिमानीने नोटेकडे पाहिलं. जिंकली होती ती. काही करायचं नव्हतं, नोट उचलून एप्रनच्या खिशात टाकायची आणि बरं म्हणायचं. ही बाई घरी जाऊन पोराला सांगणार होती, आणि तो टीव्हीसमोर बसून ते ऐकणार होता, आणि उरलेल्या आयुष्यात त्या घरातल्या प्रत्येक घासाला ते खडा होऊन लागणार होतं. यापेक्षा चांगली शिक्षा हिमानीला कधी सुचली नसती.

पण तिला दिसलं ते वेगळंच. समर्थनगरच्या त्या पुढच्या खोलीत रेवा पाटावर बसली आहे. पुढचा दात पडलेला. ही बाई तिच्या कपाळाला कुंकू लावते आहे, हनुवटी धरून तोंड वर करते आहे, नाक कोणावर गेलं ते बघते आहे. आणि रेवा तिला आजी म्हणते आहे.

नाही. या हातांत नाही.

"रेवा नाही," हिमानी म्हणाली.

"म्हणजे?"

"मला मुलगी नाही. दुसरं लग्नही केलं नाही मी. हे मणी दुकानासाठी घालते. गिऱ्हाइकाला सांगावं लागतं म्हणून सांगते."

किंमत बघून परतलेल्या दोन बायका प्रणयबरोबर मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. प्रणयच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं माणूस निघून गेलं.

हिमानीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती यमुनाबाईंकडे बघत होती. आधी त्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग हळूहळू कपाळावरच्या आठ्या सुटल्या, पाठ ताठ झाली, श्वास खाली बसला. सुटका. त्यांच्या पोरावरचा दोष उतरला होता. असंच होणार हे हिमानीला बोलायच्या आधीच ठाऊक होतं, तरी ते समोर होताना पाहून तिला मान वळवावीशी वाटली. तिने वळवली नाही.

"तो रिपोर्ट खरा होता," ती म्हणाली. "तेव्हाही, आत्ताही."

 यमुनाबाईंनी नोट उचलली, होती तशी घडी करून कप्प्यात ठेवली, पर्सची चेन लावली. मग ईराला म्हणाल्या, "चल बाळा. बाहेरचं फार खाऊ नये." ईराच्या हातात अजून अर्धी टिकी होती. जाता जाता ती मागे वळून हिमानीकडे बघत होती, आणि आजी तिला दाराकडे ओढत होती.

त्या दोन बायकांपैकी एक दुसरीला, हिमानीलाही ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, की लोक आता मुलांच्या नावावरही धंदा करतात. मग दोघीही फ्रायर न घेता गेल्या. प्रणय टेबलाजवळ आला. त्याने आवाज चढवला नाही. मालक विचारतील मॅडम, मी काय सांगू, एवढंच तो म्हणाला. खरं ते सांग, असं हिमानीने त्याला सांगितलं. खरं म्हणजे नेमकं काय, हे त्याला कळलं नसावं, कारण तो बराच वेळ हातातल्या दरपत्रकाकडे बघत उभा राहिला आणि मग टीव्हीच्या विभागात निघून गेला.

हिमानीने जाळी पुसली. गळ्यातली सर काढून पर्समध्ये टाकली. दुपारभर तिने मोजकंच बोलून टिक्क्या केल्या. रेवाबद्दल काही सांगायचं नव्हतं, त्यामुळे बोलण्यात मध्ये मध्ये खड्डे पडत होते, आणि प्रत्येक खड्ड्यापाशी ती क्षणभर थांबत होती. शाळेच्या व्हॅनमध्ये खिडकीपाशी आता ती मैत्रीण एकटीच बसणार होती, आपल्याशी कोणी भांडत का नाही हे तिला कळणारही नव्हतं. असलं काहीतरी मनात आलं की हिमानी टेबल पुन्हा पुसून घेत होती.

सहाच्या सुमारास मुकुंदवाडीहून एक बाई आली. नर्स असावी; पांढऱ्या सलवारीवर स्वेटर चढवलेला, पायांत रबरी तळाच्या चपला, खांद्यावर ड्यूटीची पिशवी. तिने नाव सांगितलं, रूपाली. तिच्याभोवती दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. तिने फ्रायर उचलून किती जड आहे ते पाहिलं, वायर किती लांब आहे ते पाहिलं, आणि लाइट बिल किती वाढेल ते विचारलं. हिमानीने सगळं सांगितलं.

"माझी पोरगी डब्यातलं काहीच खात नाय," रूपाली म्हणाली. "लई वैताग आणलाय. तुमची खाती का?"

"मला मूल नाही," हिमानी म्हणाली.

ती बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. आता कीव येईल, किंवा ते ओशाळं 'अरेरे' येईल, किंवा बाई निघून जाईल. आणि मग तिचाही हिशोब इतरांबरोबर मांडून टाकता येईल.

"बरं," रूपाली म्हणाली आणि बशीतली एक टिकी उचलली. तिने ती नीट चावून खाल्ली. "मीठ कमीये."

हिमानीने उरलेल्या टिकीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. सकाळपासून इतक्या टिक्क्या झाल्या होत्या. चव तिने एकदाही घेतली नव्हती. खरंच कमी होतं. कमी कसलं, नव्हतंच. सकाळी मिसळताना घालायचंच राहिलं होतं, आणि दिवसभरात इतक्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी त्या खाऊन मस्त आहे म्हटलं होतं.

तिने टेबलाखालून मिठाची बरणी काढली. पातेल्यातल्या उरलेल्या सारणावर मीठ घातलं आणि ते परत मळायला घेतलं. रूपालीने खांद्यावरची पिशवी स्टुलावर ठेवली आणि थांबली.