नार्सिसाच्या वाटीतला कोलीन

मी कोलीन बोलतोय, अन्नातलं एक पोषकद्रव्य. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्याचं मला वाईट वाटत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मी एका शास्त्रज्ञाला जनावराच्या पित्तात सापडलो आणि नावही पित्तावरूनच पडलं. माणसाचं यकृत मला थोडंफार तयार करतं, पण तेवढ्याने भागत नाही. पोटात बाळ असलं तर नाहीच. त्याच्या मेंदूच्या बांधणीला मी लागतो. मग मला अन्नातूनच यावं लागतं.

चिंबोराझो पर्वताच्या पायथ्याशी एका घरात मी अंड्याच्या बलकात होतो. घरची सून नार्सिसा सात महिन्यांची गरोदर होती. तिला बटाट्याचं सूप मिळे, भाजलेला मका मिळे. अंडी मात्र सासू होआकिना शेजारणींना वाटून टाकी.

"आई, आज एक अंडं मला?" नार्सिसाने विचारलं.

"नको गं. बाळ पोटातच मोठं होईल, मग बाळंतपणात अडेल."

त्याच दुपारी सुईण त्रान्सितो नार्सिसाला तपासायला आली. तिने पोरीचा उतरलेला चेहरा पाहिला, मग दाराशी शेजारणींसाठी भरून ठेवलेली अंड्यांची टोपली.

"काय गं होआकिना, शेजारणी बाळंत होणारेत वाटतं?"

होआकिना हसली नाही. "माझी लुस रोज अंडं खायची. मीच द्यायचे, या हाताने."

लुस तिची लेक. नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली.

त्रान्सितो चुलीजवळ बसली. "मी होते ना तिथं. बाळ आडवं होतं. रस्ता खचलेला, दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही. अंड्याने काही वाईट केलं नाही, आणि तूही नाही."

होआकिना बराच वेळ चूल फुंकत राहिली. शालीने डोळे पुसून उठली, टोपलीतलं अंडं घेतलं आणि फोडून मला उकळत्या सुपात सोडलं.

"हिला बाळंतपणाच्या महिनाभर आधीच माझ्या बहिणीकडे नेऊ. तिथून दवाखाना जवळ आहे," ती म्हणाली. "तूही चल."

"न बोलावताही आले असते," त्रान्सितो म्हणाली.

नार्सिसाला मुलगी झाली. आता मी दुधातून तिच्याकडे जातो.

अंड्यात, माशात, शेंगदाण्यात, राजम्यात मी असतोच. गरोदर बाईच्या ताटात मला आठवणीने वाढा. आणि कुणी तिला 'नको' म्हणालं, तर लगेच रागावू नका. त्या माणसाने कुणाला गमावलंय, ते आधी विचारा.