अनुभवासाठी घेतलेली खुर्ची

नोंदणीबाई सकाळपासून अर्धाच कप चहा प्यायल्या होत्या, तोही मोजून. चाकांच्या खुर्चीवरून नोकरी करायची तर तहानसुद्धा वेळापत्रकात बसवावी लागते, हे बावीस वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. कचेरीत त्यांची खुर्ची शिरेल असं स्वच्छतागृह एकच, बोळाच्या टोकाला. तिथे त्या अकराच्या ठोक्याला जात.

त्या दिवशी दहालाच सगळ्यांना सभागृहात बोलावलं. अपंगांविषयी जाणीवजागृतीचं प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. प्रशिक्षक हसतमुख गृहस्थ, बोलणं मधात घोळलेलं. तासभर संवेदनशीलतेवर बोलून ते म्हणाले, आता प्रत्यक्ष अनुभव. प्रत्येकाने दोन मिनिटं चाकांच्या खुर्चीत बसायचं. खुर्ची आणायची मात्र ते विसरले होते. पण अडतंय कुठे? कचेरीत एक होतीच. हेडक्लार्कने लगबगीने विचारलं, ताई, जरा देता का? बाई तोंड उघडेपर्यंत दोघा शिपायांनी त्यांना उचलून भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलंही. ठेवलं, हाच शब्द बरोबर. कपाट सरकवताना निदान कुणीतरी 'सांभाळून' म्हणतं.

मग रांग लागली. लेखापालाने मजेत गिरकी घेतली. टंकलेखिकेने डोळे पुसले आणि पुसतानाचा फोटो काढून घेतला. आवक-जावकवाला उतरताना म्हणाला, चाकं कुरकुरतात हो, बाईंनी तेल घालायला हवं. बाई सोडून एकोणचाळीस जण, दोन-दोन मिनिटं. गणित बाईंच्या पोटातच झालं. पावणेबाराला त्यांनी हेडक्लार्कला जवळ बोलावून हळूच सांगितलं. तो म्हणाला, सतराच उरलेत, शेवटी साहेबांचा फोटो, की लगेच.

आणखी तिघं बसून झाल्यावर बाईंनी आवाज चढवला.

"मला लघवीला जायचंय. माझे पाय तुमच्या रांगेत फिरतायत, तेवढे आणून द्या."

रांगेतल्यांनी नजरा खाली वळवल्या. प्रशिक्षक तेवढे खुलले. पाहिलंत, म्हणाले, अशा गोष्टी आपल्या लक्षातच येत नाहीत, लिहून घ्या. आणि मंडळींनी खरोखर लिहून घेतलं. असं फुकटचं उदाहरण होण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

खुर्ची मिळाली. बोळाच्या टोकाला पोचल्या, तर दाराला कुलूप. मागोमाग धापा टाकत आलेल्या हेडक्लार्कने खुलासा केला: प्रशिक्षणाचे फलक आणि पुस्तिकांचे खोके आत ठेवलेत, ती खोली तशी कुणी वापरत नाही ना. किल्ली भांडारवाल्याकडे, आणि भांडारवाला प्रमाणपत्रं छापून आणायला गावात गेलेला.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं तुमच्या शेजारच्या टेबलावर हे 'कुणी नाही'च बसतंय."

त्यांनी भावाला फोन लावला: गाडी घेऊन आत्ताच्या आत्ता ये. घर वीस मिनिटांवर. पण अर्ज दिल्याशिवाय कचेरी सोडता येत नाही. ओठ आवळून त्यांनी मांडीवरच अर्ध्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: कचेरीत लघवीला जाता येत नाही.

वाचून हेडक्लार्क कळवळला. ताई, हे कागदावर कायमचं राहतं, खाजगी कारण लिहा की. एवढ्यात साहेबही आले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, आवाज मऊ केला.

"बाई, तुम्ही एवढ्या समजूतदार. असं लिहिणं शोभतं का?"

"लिहिणं शोभत नाही आणि कुलूप शोभतं? खाजगी काय उरलंय, साहेब? एकोणचाळीस वह्यांत गेलंय ते. सही करा, मला थांबता येत नाही."

बाहेर भावाने हॉर्न वाजवला. साहेबांनी सही केली, पण कारणाच्या रकान्यावर अंगठा तसाच दाबून धरला, जणू शाई पुसली जाईल. बाईंनी तो अंगठा आपल्या हाताने बाजूला केला, अर्ज हेडक्लार्कच्या हातात दिला आणि आवकेचा शिक्का बसेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.