एप्रनमधले एकवीस चिमटे

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना आजार. साठी उलटली तरी उतार पडलेला नाही.

कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे आमचं. पुढे काउंटर, मागे पत्र्याच्या छपराची खोली आणि तिथे इस्त्रीचं लांब टेबल. त्या टेबलाशी पस्तीस वर्षं मी उभी राहिले, आता सून उभी राहते. या उन्हाळ्यात एका दुपारी ती लालबुंद तोंडाने बाहेर आली आणि म्हणाली, "आई, टेबल पुढे खिडकीपाशी आणू या. मागे चक्कर येते हो."

समोर दोन गिऱ्हाइकं उभी. शेजारच्या शिंप्याने तर मशीन थांबवून कान लावलेला. चार माणसं ऐकत असली की मला साधं उत्तर सुचतच नाही.

"पस्तीस वर्षं त्याच पत्र्याखाली काढली मी," मी म्हटलं. "मला नाही कधी चक्कर आली. पहाटे उठून रस्ते तुडवायला बळ आहे, आणि टेबलाशी उभं राहायचं म्हटलं की चक्कर?"

सून रोज पहाटे पळायला जाते. महिन्याभराने एकवीस किलोमीटरची शर्यत होती, त्यात तिने नावही दिलं होतं.

"पळणं वेगळं, आई."

"वेगळं काय त्यात? कपड्यांच्या दोरीपासून टेबलापर्यंत तेवढं रोज होतं माझं. तुझ्या एकवीसचं काय कौतुक!"

"मग वहिनी, तुम्हीही द्या की नाव," शिंपी दारातून म्हणाला. या माणसाच्या हातात सुई आहे ती कापड शिवायला, पण टोचायचं काम तो तोंडाने करतो.

"देते! घाबरते की काय?"

सुनेने घाम पुसला. "ठरलं तर मग. तुम्ही शर्यत पुरी केलीत, तर टेबलाचं नाव मी पुन्हा काढणार नाही. मध्येच बसलात, तर टेबल पुढे."

"ठरलं."

संध्याकाळी लेकाला हे कळलं. आईची बाजू घ्यावी की बायकोची, हे त्याला सुचेना. तो गुपचूप भांडी घासायला बसला.

सून म्हणाली, पहाटे माझ्याबरोबर चला. म्हणजे तिच्यामागून धापा टाकत जायचं आणि सगळ्या गल्लीने दूध घेता घेता बघायचं! त्यापेक्षा दुपार बरी. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शिवाय मी वाफेत मुरलेली बाई, भाजलेल्या विटेला ऊन काय करणार? वीट पळत नाही, एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही.

लेकाने सांगितलं होतं, "दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आलीस की एक किलोमीटर." धापा टाकताना आकडे विसरतात, म्हणून मी माझ्या पद्धतीने सोय केली. अंगात इस्त्रीचा एप्रन घातला आणि डाव्या खिशात कपडे वाळत घालायचे एकवीस चिमटे टाकले. टाकीला हात लावला की एक चिमटा उजव्या खिशात. दुकानाची पायरी गाठली की आणखी एक. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला याहून चोख मोजमाप काय हवं?

पहिल्या दिवशी चार चिमटे झाले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. डांबर चपलेला चिकटत होतं. गाडीखाली झोपलेल्या कुत्र्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि लाजून मिटला. घरी येऊन मी डोकं नळाखाली धरलं. तापलेल्या इस्त्रीवर पाणी शिंपडल्यासारखं चर्र झालं नाही, याचंच नवल वाटलं.

"वहिनी, निदान सावलीतून पळा!" शिंपी रोज ओरडायचा.

"ती तुमच्यासाठी ठेवलीय," मी म्हणायचे. जास्त बोलायला श्वास नसायचा, नाहीतर त्याला सोडला नसता.

तीन आठवड्यांनी एकवीसच्या एकवीस चिमटे उजव्या खिशात आले. भर दुकानात मी खिसा काउंटरवर उलटा केला. "मोजा!"

सुनेने मोजले. मग विचारलं, "एक टाकीपाशी आणि एक इथे, असेच ना?"

"मग काय, हवेत?"

तिने शिंप्याकडे पाहिलं. शिंपी एकदम सुईत दोरा ओवायला लागला, आणि मशीनमध्ये दोरा तर आधीच होता. "छान, आई," सून म्हणाली. "आता शर्यतीपर्यंत आराम करा. दुपारी बाहेर पडायचं नाही." मी मनात म्हटलं, हरायला घाबरली पोरगी.

शर्यतीच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत सगळे पळत सुटले. मीही एप्रन खुळखुळवत निघाले. सून सगळा वेळ माझ्या चार पावलं मागे. मला वाटलं, बिचारीला झेपत नाहीये. दर किलोमीटरला पाटी होती. पाटी दिसली की चिमटा इकडून तिकडे. दहाव्या पाटीनंतर ऊन चढलं आणि पायांनी असहकार पुकारला. अकरावी पाटी आली तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. आता संपतच आलं म्हणून मी डावा खिसा चाचपला. आत दहा चिमटे!

मी फुटपाथच्या कडेवर बसले. चिमटे पुन्हा मोजले. दहाच. मग टाकी आठवली, पायरी आठवली आणि डोक्यात उजेड पडला.

"जाऊन येऊन एक," मी म्हटलं. "मी जाताना एक मोजला आणि येताना एक."

"हो," सून शेजारी बसली आणि पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर रिकामी केली.

"तुला तेव्हाच कळलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी दुप्पट पळाला असतात. मग शर्यतीला कोणाला आणलं असतं?"

मी एप्रनने तोंड पुसलं.

"उठा," ती म्हणाली. "कोणी पाहिलं नाही. राहिलेलं चालत जाऊ."

"मी पाहिलं ना. बसले म्हणजे बसले. टेबल पुढे."

"मग घरी जायचं?"

"घरी कशाला? हरलेय, मेले नाहीये."

आम्ही चालत निघालो. आणखी दोन चिमटे उजव्या खिशात गेले. मग मीच म्हटलं, "त्या खोलीत मलाही चक्कर यायची. दर उन्हाळ्यात."

"माहीत आहे, आई. टेबलामागच्या भिंतीवर तुमच्या हाताचा डाग आहे. टेकून टेकून पडलेला. मीही तिथेच टेकते."

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा मांडव उतरवत होते. आता पदकं संपली, असं एकजण म्हणाला. मी उजव्या खिशातला एक चिमटा काढून सुनेच्या कॉलरला लावला.

दुसऱ्या दिवशी टेबल खिडकीपाशी आलं. वाऱ्याने घड्या उडतात, अशी माझी तक्रार चालू आहे, आणि ती चालूच राहील. टेबल हलवल्यावर मागच्या भिंतीवरचा तो डाग उघडा पडला. पाचही बोटं नीट दिसत होती.

"आई, आठवण म्हणून राहू दे का?" लेकाने विचारलं.

"रंगव आधी," मी म्हटलं. "शिंप्याने पाहिला तर?"