दौंडला उतरलेली बाई

आमच्या मालकांना एक गोष्ट सांगता येती. एकच. बावीस वर्षं झाली, लग्न असू द्या न्हाईतर बारसं, जेवणं उरकली की हे सुपारी कातरत सुरू करणार, "आमची नकुशी शिरूरच्या स्टँडवरनं निमोण्याला निघाली, आन् उतरली कुठं? दौंडला!" की माणसं पोट धरून हसणार. त्या गोष्टीतलं एक वाक्य हे दर टायमाला गाळतात. ते मला म्हाईत आन् त्यांना म्हाईत. मी कवा बोलले न्हाई. बोलले असते तर लोक म्हणाले असते, बाई आपली चूक नवऱ्याच्या गळ्यात मारती. म्हटलं, नकुशे, आधी एकटीनं लांब कुठंतरी जा, फिर, नीट परत ये. मगच तोंड उघड.

तसा दिवस उजाडला तो पार व्हिएन्नात.

माझी शितल रांजणगावला कंपनीत इंजिनिअर हाय. कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी तिकडं धाडलं, आन् तिनं मला पंधरा दिवस बोलावून घेतलं. मालक आले न्हाईत. म्हणाले, शेवंती तोडणीला आलीय. खरं म्हंजी त्यांना विमानाचं भ्याव वाटतं, पण ती गोष्ट काय ते मांडवात सांगत न्हाईत.

गुरुवारी आम्ही दोघी म्युझियमला जाणार व्हतो. सकाळीच शितलची मीटिंग निघाली.

"आई, आज घरीच बस. रविवारी जाऊ."

"मी जाते की एकटी."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला कळलंच. बापाचीच लेक ती!

"दौंड आठवलं व्हय गं तुला?" मी फणकारले. "कुठं बसायचं, कितव्या थांब्यावर उतरायचं, तेवढं लिहून दे. न्हाई परत आले तर नाव बदलीन."

तिनं लिहून दिलं. लाल ट्राम, नऊ थांबे. तिथल्या पाट्या मला कुठल्या वाचता येतात! मी बोटांच्या पेरांवर मोजत गेले. नववं पेर झालं, उतरले, थोडं चालले, आन् समोर शितलनं सांगितलेलं रंगीत कौलांचं चर्च. एवढं उंच की बघताना डोक्यावरचा पदर घसरला. खाली टांगे उभे. घोड्यांच्या कानांना विणलेल्या टोप्या घातलेल्या. मला हसूच आलं. एका घोड्याच्या मानेवरनं हात फिरवला, तर टांगेवाल्यानं टोपी काढून मला मुजरा केला. मी बी मान डोलावली. आपण काय कमी हाय का?

म्युझियम तिथनं जवळच. कोट आन् पिशवी दारातच ठेवून घेतली, बिल्ला दिला. आत दालनामागनं दालन. भांडी बघितली, दागिने बघितले. मग एका दालनाच्या दारातनं बघते तर मधोमध देवी उभी! काळ्या दगडाची, चार हातांची. कुणाच्या गावची असंल, कुणास ठाऊक. कपाळाला कुंकू न्हाई, अंगावर एक फूल न्हाई. माझ्या रानात शेवंतीचा ढीग पडलाय आन् ही इथं अशी उघडी. मला भरूनच आलं.

शितलनं घेऊन दिलेली बुटं मी दारातच काढली. देवीपुढं पायताण घालून जाईन व्हय मी? हात जोडले, प्रदक्षिणा घातली, आन् बघत बघत समोरच्या दारानं पुढं निघाले. चार-पाच दालनं गेली आन् तळपाय गार पडले, तवा ध्यानात आलं. बुटं मागंच राहिली! वळले, तर कुठल्या दारानं आले तेच उमगंना. सगळी दारं सारखीच. एकीकडं गेले, तिथं जिना निघाला. दुसरीकडं गेले तर भिंत.

माझं धाबं दणाणलं. बुटांचं काय न्हाई, पण मांडव डोळ्यापुढं आला. आता गोष्टीला शेपूट लागणार, नकुशी व्हिएन्नाला गेली आन् अनवाणी परत आली!

"अगं थांब," माझं मलाच म्हटलं. "फुलं तोडताना पाटी कुठल्या सरीच्या तोंडाला ठेवली ते तुला सांजपतोर ध्यानात राहतं. शेवंतीच्या सऱ्या काय येगयेगळ्या दिसतात व्हय?" डोळे मिटून मागची सरी धरली. इथं यायच्या आधी मुखवटे. त्याच्या आधी व्हडी. त्याच्या आधी गालिचे, तवा खिडकी उजव्या हाताला व्हती. म्हंजी आता डाव्या हाताला पायजे. निघाले. मुखवटे घावले. व्हडी घावली. गालिचे आले, खिडकी डावीकडं. आन् पुढं माझी देवी!

दारात बुटांपाशी एक राखणदार पोरगी वायरलेसवर बोलत उभी. बेवारस बुटं बघून बिचारी घाबरलेली.

"माझी हायत गं बाई!" मी वरडले. ती तिच्या भाषेत तडातडा बोलाया लागली. मी तिला दंडाला धरून देवीपुढं नेलं. हात जोडून दाखवले, बुटांकडं बोट केलं आन् मान हलवली. तिनं देवीकडं बघितलं, माझ्या मोज्यांकडं बघितलं, आन् खुदकन हसली. बुटं घाला म्हणून खुणावलं. "घालते, पण भाईर," म्हटलं, आन् दाराभाईर जाऊनच घातली.

कोट-पिशवी घेऊन पायऱ्यांवर येऊन बसले, तोच फोन वाजला. माझी नणंद सारजाबाई, राहू गावावरनं, व्हिडिओवर. तिच्या पोराचा साखरपुडा व्हता. मांडव भरलेला आन् सगळे हसतायत. म्हटलं, झाली वाटतं सांगून गोष्ट.

"वैनी, कुठं हाय? दौंडला का?"

मी फोन गर्रकन फिरवला. समोरचा घुमट दाखवला, टांगे दाखवले, लाल ट्राम दाखवली.

"शितल कुठाय?"

"हापिसात. मी एकटी हाय."

हसणं थांबलं. मालकांनी तोंड मधी घातलं. "एकटी? चुकली न्हाईस?"

"चुकले की. धा मिनिटं. आन् माझी मीच वाट काढली. आता तुम्ही सांगा, सगळ्यांदेखत. त्या दिवशी शिरूरला त्या गाडीत मला बसिवलं कुणी?"

"आवाज कट व्हतोय गं..."

"न्हाई दादा, चांगला येतोय," सारजाबाई म्हणाली.

मालकांनी घसा खाकरला. "मीच."

"मोठ्यानं!"

"मीच बसिवलं! खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरली व्हती. गाडीची पाटी बघायची राहिली."

"आन् मी काय म्हणत व्हते?"

"पाटी बघा म्हणत व्हतीस," मालक म्हणाले. "मी म्हटलं, गप बस, मला कळतं."

मांडव असा हसला, की माझ्या फोनचा आवाज फाटला. म्हातारी साळूबाई आत्या मागनं मालकांवर वरडली, "दगड्या, बावीस वर्षं रं!" मालक बी हसत व्हते, पण कानाची पाळी धरून. माझ्या डोळ्याला पाणी आलं. आनंदाचंच, दुसरं काय?

दुपारभर ऐटीत हिंडले. बाकावर बसून चपाती-ठेचा खाल्ला. पाचला ट्राममधी बसले, नऊ पेरं मोजली आन् उतरले. थांब्यावर शितल हजर, काळजीनं तोंड एवढंसं झालेलं.

"आलीस आई? नीट आलीस?"

"आले की. आन् तू गं? पाटी बघून बसली व्हतीस ना गाडीत?"