भांड्यांच्या बदल्यात आलेला लंगोट

मी एक लंगोट बोलतोय. हसू नका. तुमच्यापैकी प्रत्येकाची सुरुवात माझ्याच एखाद्या भावंडात झाली आहे आणि तेव्हा तुम्ही कसे दिसत होता, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

धुण्याच्या साबणाची शपथ घेऊन सांगतो, या हकिगतीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझा जन्म जयपूरच्या राजवाड्यात झाला. महाराजांच्या फेट्याचं शेवटचं टोक म्हणजे मी. म्हणजे अगदी राजवाड्यात नाही, राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तो रस्ताही तसा राजवाड्याकडे जात नव्हता, चाकसूकडे जात होता. आणि फेटा नव्हे, धोतर. पाच वार पांढरं सुती धोतर. एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं.

चाकसूला शीतलामातेच्या जत्रेत एका म्हाताऱ्याने मला विकत घेतलं. त्याने मला नेसून नेसून मऊ केलं. तो गेल्यावर त्याच्या सुनेने माझी झोळी बांधली आणि एकामागून एक चार लेकरं माझ्यात झोपवली. या सुनेचं नाव धापू. धापू म्हणजे पोट भरलं, आता पुरे. ती चौथी मुलगी म्हणून जन्मली तेव्हा देवाला समजावं यासाठी घरच्यांनी हे नाव ठेवलं होतं. देवाला समजलं नाही. पाचवीही मुलगीच झाली.

लेकरं मोठी झाली आणि धापूने बोहारणीचा धंदा धरला. डोक्यावर नव्या स्टीलच्या भांड्यांची टोपली, पाठीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं. ते गाठोडं बांधायचं ते माझ्यात. सारं शहर जे अंगावरून उतरवतं ते मी पोटात घेऊन हिंडायचो. माणसांच्या घामाचं माझ्याइतकं ज्ञान कोणाला नसेल.

मालवीय नगरात दुसऱ्या मजल्यावर इंदुमतीबाई राहायच्या. मुलगा अमेय विमा कंपनीत अधिकारी, सून भार्गवी. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. बदलीच्या घरात जुनं कापड टिकत नाही. सामान बांधायला काढलं, की इंदुमतीबाई बोहारणीला हाक मारायच्या. नागपूर सोडताना पातेली आली, भोपाळ सोडताना डबे आले. जयपूरला तर बदलीची वाट न पाहताच त्यांनी धापूकडून एक मोठी परात मिळवली होती. घरात इतकं स्टील, की नवा पाहुणा स्वयंपाकघरात डोकावला तर त्याला पाच-सात पाहुणे दिसायचे. जुनं फडकं मात्र एकही नाही. ओटा पुसायलाही विकतचं.

त्या परातीची घासाघीस मी खाली पडून ऐकली आहे. धापू टिचकी मारून म्हणाली, "सुनो बाईसा, मंदिर की घंटी है." इंदुमतीबाई म्हणाल्या, "घंटी? कागद जैसी पातळ है. इसके लिए दो साडी? मैं क्या वेडी हूँ?" अर्धा तास चाललं. शेवटी दोन साड्या आणि एक पँट गेली. दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

ही गोष्ट दोन हजार चारच्या सुरुवातीची. त्याच मार्चात भार्गवी बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी जायची होती. तिथे तिच्या आईने, मधुमतीबाईंनी, ट्रंक भरून तयारी केली होती. दोन डझन लंगोट, दुपटी, कुंच्या, सगळं जुन्या लुगड्यांचं आणि धुऊन वाळवून घड्या घातलेलं. गाडीचं आरक्षण वीस तारखेचं होतं. बाळाने ते पाहिलं नव्हतं. नऊ तारखेला जयपुरातच पोटात कळा सुरू झाल्या आणि पावणेदोन किलोची मुलगी झाली. नाव पुढे अवनी ठेवलं. तेव्हा नुसती 'ती' होती.

अकरा दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. पेटीला हात घालण्यापुरतं भोक. भार्गवीने अकरा दिवस आपलं मूल तेवढ्या भोकातून पाहिलं. घरी आणल्यावर अमेयने दुकानातून कागदी चड्ड्या आणल्या. तिसऱ्या दिवशी बाळाच्या मांड्यांवरची कातडी सोलून निघाली. अमेयची एक नवी कोरी बनियन फाडून बांधली, तर तिच्या खळीने आणखी लाल झालं.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "कागद बंद. नवं कापडही नको. जुनं, सुती, धुऊन धुऊन पातळ झालेलं हवं. जखम चिघळली, तर पुन्हा पेटीत ठेवावं लागेल."

पेटी म्हटल्याबरोबर भार्गवी खालीच बसली.

मधुमतीबाईंनी सांगलीहून पार्सल टाकलं होतं, पण ते पोचायला आठ-दहा दिवस लागणार. अमेय स्कूटर काढून बाजारात गेला आणि दुकानादुकानांत पुराना कपडा मागू लागला. एका दुकानदाराने त्याला गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि विदेशी लोकांसाठी मुद्दाम विटवलेलं नवं कापड दाखवलं. "असली पुराना लुक है साहब. नए से डबल रेट." अमेय हात हलवत परतला.

इंदुमतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन पातेल्यांची जागा उगाच बदलून आल्या. "माझ्या सहा सुती साड्या होत्या गं," त्या सुनेला म्हणाल्या. "धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या. डब्यांपायी घालवल्या मी."

"आई, असू दे."

"असू दे कसं? डबे काय बाळाला नेसवू?"

तेवढ्यात खाली गल्लीत आरोळी आली, "बरतन ले लो, पुराने कपडे दे दो." इंदुमतीबाई बाल्कनीत धावल्या. "ए धापू, वर आओ. जल्दी."

धापूने जिन्यात टोपली ठेवली, गाठोडं ठेवलं आणि नेहमीसारखी भांडी मांडू लागली. इंदुमतीबाई म्हणाल्या, "वो नहीं. आज उलटा. तुम कपडा दो, मैं बरतन देती हूँ."

धापूने त्यांच्याकडे बघितलं. मग आत अमेयकडे बघितलं, की आईसाहेबांची तब्येत बरी आहे ना.

"सुती चाहिए. पुराना. मऊ. मऊ मतलब... नरम. बच्ची के लिए."

धापूने माझी गाठ सोडली. आता ऐका मालवीय नगराची दौलत. टेरिकॉटच्या पँटी सात, नायलॉनच्या साड्या अकरा, एक सफारी सूट, शाळेचे ब्लेझर, चकाकणारे पडदे. अधिकाऱ्यांची वस्ती, सगळं न चुरगळणारं. इंदुमतीबाईंनी एकेक उचललं आणि बाजूला टाकलं. ढिगाऱ्यातून एक चिंधीसुद्धा सुती निघाली नाही.

भार्गवी बाळाला घेऊन दारात उभी होती. ती वाकली आणि खाली पसरलेल्या, कोणाच्या लक्षातही न आलेल्या माझ्यावर तिने हात ठेवला. बोटांनी मला चोळून पाहिलं.

"आई, हे."

"हे तर गाठोड्याचं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "रस्त्यावरचं. किती घरांचा घाम लागलाय त्याला."

धापूही मला दोन्ही हातांनी ओढून घेत म्हणाली, "ये नहीं दूँगी. ये मेरा है. मेरे चारों टाबर इसकी झोळी में सोए हैं."

दोघीही नाहीच म्हणत होत्या, पण कारणं वेगळी. एकीला मी फार हलका होतो, दुसरीला फार मोलाचा.

भार्गवी पुढे झाली. तिने बाळावरची ओली बनियन उचलली आणि धापूला दाखवलं. इंदुमतीबाई दृष्ट लागेल म्हणून पुढे आल्या आणि मग थांबल्या. धापूने पाहिलं. माझ्यावरची तिची पकड सैल झाली ती मला कळली. पण ती बोहारीण होती, असं सहज देऊन टाकणं तिला लाजिरवाणं वाटलं असतं. तिने घसा खाकरला.

"क्या दोगी?"

इंदुमतीबाईंनी परात आणली. धापूने तिच्यावर टिचकी मारली, उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "पतली है, बाईसा."

"पतली? तूने ही दी थी. मंदिर की घंटी बोलके."

"घंटी घिस गई. खरोंचें साफ दिख रही हैं, राख से माँजती हो."

"राख से? मैं? अगं, अजून स्टिकरचा डिंकसुद्धा गेला नाही तिचा."

अमेय मध्ये पडायला गेला, तर दोघींनी त्याला आत पाठवलं. अखेर परात आणि वर गाठोडं बांधायला इंदुमतीबाईंची एक कोरी जयपुरी चादर, यावर ठरलं. इंदुमतीबाईंची शेवटची शंका उरली होती. आमच्यात बाळाला पहिलं कापड नांदत्या मुलाबाळांच्या घरचं घालतात, तुझी लेकरं धडधाकट आहेत ना, असं त्यांनी विचारलं. धापू म्हणाली, "चारों को इसी में शीतलामाता के मेले ले गई थी, बाईसा. किसी को एक फुंसी ना हुई."

मी तिथेच होतो. दोघांना कांजिण्या आल्या होत्या आणि तिसऱ्याला खरूज. पण मला कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

धापू नव्या चादरीत गाठोडं बांधू लागली. नव्या कापडाची गाठ सारखी सुटत होती. तिने दातांनी ओढून ती घट्ट केली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरली.

मला तीनदा उकळलं. त्याच पातेल्यात, जे कधीतरी नागपुरात कुणाच्या लुगड्याच्या बदल्यात आलं होतं. मग गच्चीवर वाळवलं. जयपूरचं मार्चातलं ऊन म्हणजे फुकटची इस्त्री. इंदुमतीबाईंनी कात्री घेतली. बारा लंगोट झाले, भार्गवीच्या पोटाला बांधायला एक लांब पट्टा झाला आणि दूध गळतं तिथे लावायला चार घड्या. आईलाही पुरलो, लेकीलाही पुरलो. तुमच्याशी बोलतोय तो त्या बारांतला सातवा.

मग मी कामाला लागलो. लंगोटाचं काम काय असतं हे सांगत बसत नाही. ओला व्हायचं, बदलायचं, धुऊन घ्यायचं, उन्हात जायचं, परत यायचं. बाळाला दर ओल्याला लगेच कोरडं करायचं, असा इंदुमतीबाईंचा नेम. खोबरेल तेलाचं बोट तेवढं फिरवायचं. दुसऱ्या दिवशी लाली थांबली. चौथ्या दिवशी खपली धरली. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि पेटीचं नाव काढलं नाही. त्या रात्री भार्गवी पहिल्यांदा पाय पसरून झोपली.

दहाव्या दिवशी सांगलीचं पार्सल आलं. दोन डझन लंगोट, चौकटीचे, किनारीचे, कडेला बारीक टाका. सांगलीचेच ते, आल्या आल्या आम्हाला विचारलं, "तुम्ही कुठले?" मी म्हणालो, "राजवाड्यातले." तेव्हापासून ते आमच्याशी अदबीने वागायचे. पण इंदुमतीबाई दोरीवरून आधी आम्हालाच काढायच्या, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही.

पुढच्या महिन्यात खाली धापूची आरोळी आली. इंदुमतीबाईंचे गुडघे दुखायचे, तरी बाळाला घेऊन त्या दोन मजले उतरल्या. भर गल्लीत त्यांनी मला सोडलं आणि बाळाला पालथं धरलं. "देख."

धापूने पाहिलं. भांडं पाहावं तसं, उन्हाकडे वळवून, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाली, "पक्की है."

इंदुमतीबाई म्हणाल्या, "धापू, तूने मेरी पोती को चमडी दी. मैं भूलूँगी नहीं."

अवनी चालायला लागल्यावर मी इंदुमतीबाईंच्या हातून आणखी तीन मराठी घरांत गेलो. प्रत्येक वेळी धुऊन, घडी घालून, वर हळदीकुंकवाचं बोट लावून. शेवटी रेल्वे कॉलनीत रूपालीकडे आलो. तिचा मुलगा संकल्प आता स्वतःची चड्डी स्वतः घालतो. त्यामुळे मी निवृत्त आहे. मी आता त्याच्या आजोबांचा, भीमराव गार्डसाहेबांचा, चष्मा पुसतो. ते रोज सकाळी पेपर उघडण्याआधी मला काचेवर फिरवतात, उजेडात धरतात आणि म्हणतात, "असं कापड आता मिळत नाही." मी आधी कोण होतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तर शपथेचं उरलं. साबणाची घेतली होती, म्हणून थोडं धुऊन काढतो. वर एक वाक्य माझ्या पदरचं आहे. इंदुमतीबाई 'मेरी पोती को चमडी दी' असं काही म्हणाल्या नाहीत. दोन जिने उतरल्या ते खरं, बाळाला उन्हात धरलं ते खरं, धापूने 'पक्की है' म्हटलं तेही खरं. त्यानंतर इंदुमतीबाईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, "अगले महीने आना. परदे निकालूँगी." धापू "अच्छा बाईसा" म्हणाली आणि चादरीचं गाठोडं पाठीवर घेऊन पुढच्या गल्लीत वळली.

मला ते वाक्य ऐकायचं होतं. दोरीवर लटकून किती दुपारी वाट पाहिली. जिने मला दिलं तिचे आभार कोणीतरी मानायला हवे होते, आणि लंगोटाला गल्लीत उतरून बोलू कोण देतं?

धापू अजूनही हिंडत असेल. तुमच्या दाराशी आली, तर तिला तेवढं वाक्य सांगा. कोणी म्हटलं असं विचारलं, तर इंदुमतीबाईंचंच नाव घ्या.