माझं पाणी तपासणारे तिघे

मी हापसा बोलतोय. पण आधी तुमचे हात दाखवा. बाटली, कागद असलं काही असेल तर मी तोंड उघडणार नाही. घागर घेऊन येणाऱ्यावर माझा भरवसा, बाकी कुणावर नाही.

तालुक्याच्या पालमपासून चार कोसांवरच्या एका गावात, तीस वर्षांपूर्वी, दोनशे फूट खडक फोडून मला उभं केलं. पहिलं पाणी आलं तेव्हा धुरपताबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या, आता आजी झाल्या. मधल्या काळात गावच्या विहिरी आटल्या, पण मी एकदाही आटलो नाही. त्याचा मला भारी ताठा. पाणी जरा खारं आहे, पण आहे ना, असं म्हणत बाया हापसत राहायच्या.

दोन वर्षांपूर्वी बन्सीधर नावाचा भूजलाचा अभ्यासक आला. त्याने पन्नासदा दांडा मारला, सगळं पाणी सांडू दिलं आणि मग कुठे बाटली भरली. सांडायला काय याच्या घरचं पाणी होतं? महिन्याभराने डॉक्टर राजेश्रीबाई आल्या. त्यांनी शाळेतल्या पोरांचे दात पाहिले, दहा घरांत बाटल्या वाटल्या आणि "तुम्ही पिता तेच पाणी भरून ठेवा" असं सांगून गेल्या. दोघेही माझ्याच पाण्याच्या मागे, पण एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. मी म्हटलं, इथे नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

धुरपताबाईंची नात ज्ञानेश्वरी दहा वर्षांची. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे आले होते, आणि खाली बसली की गुडघे धरूनच उठायची. गावात अशी आणखी पोरं होती.

पुढे एकदा ते दोघे माझ्या ओट्यावरच समोरासमोर आले. बन्सीधरच्या कागदावर माझ्या पाण्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराईड मर्यादेच्या तिप्पट. डॉक्टरबाईंच्या दहाही बाटल्या मात्र निर्मळ.

"तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"यंत्र ठीक आहे. गडबड तुमच्या बाटल्यांत आहे," बन्सीधर म्हणाला, आणि दोघे आपापल्या गाडीत बसले.

कागद जुळेनात म्हणून नदीकाठच्या विहिरीवरून गावात नळ आणायचं काम अडलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. नळ आल्यावर मला कोण विचारतं?

मग तिसरी आली, सुकेशनी. समाजशास्त्र शिकवते म्हणे. हिच्याजवळ बाटली नाही की यंत्र नाही. रिकाम्या हातांनी येणाऱ्याचा तर मला सगळ्यात जास्त संशय. तीन दिवस ती बायांशी नुसती बोलत बसली, त्यांच्या घागरी हापसून देऊ लागली. चौथ्या दिवशी तिने सहज विचारलं, "आजी, डॉक्टरबाईंची बाटली तुम्ही कुठून भरली होती?"

"जारातून. पाव्हणे आले की पालमहून इकतच्या पाण्याचा जार आणतो न्हाई का आमी," धुरपताबाई म्हणाल्या. "एवढी शिकलेली बाई आपल्या घरचं पाणी न्यायलीय, तिला हे खारं कसं द्यावं? गावाची काय इज्जत ऱ्हाईल?"

"आमी बी तेच भरलं की," शेजारची रुख्मिणी घागर उचलता उचलता म्हणाली. एकूण दहाही घरांनी तेच केलं होतं.

सुकेशनीला हसू आलं, पण ज्ञानेश्वरी दिसली आणि ते ओसरलं. तिने सगळं उलगडून सांगितलं तेव्हा धुरपताबाईंनी नातीला जवळ ओढलं.

"म्हंजे माज्याच हातानं लेकराचा नळ अडवला की गं मी!"

आठवड्यात तिघे एकाच गाडीतून उतरले. या वेळी दांडा धुरपताबाईंनी मारला, बाटल्या सगळ्या गावासमोर भरल्या. कोणतं घर किती वर्षं माझं पाणी पितं ते सुकेशनी विचारायची, आणि डॉक्टरबाई त्याच घरातली पोरं तपासायच्या. बन्सीधर त्यांना खाली खडक कसा आहे ते सांगत होता. मी डोळ्यांत तेल घालून त्यांची लबाडी शोधत होतो. ती त्यांच्यात कुठेच सापडली नाही, माझ्या पाण्यात सापडली.

आता नळ आलाय. माझ्या अंगाला लाल रंग फासून त्यावर 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलंय. बाया धुणंभांडी करतात. मला फार लाज वाटते.

परवा दुपारी नळ कोरडा होता. ज्ञानेश्वरीची धाकटी बहीण राणी पळत आली आणि माझ्या तोंडाशी ओंजळ धरली. मागून ज्ञानेश्वरीने तिला खसकन ओढलं.

"पिऊ नगं त्याचं!"

"लय तहान लागलीय ताई. साफ तर दिसायलंय पाणी."

ज्ञानेश्वरी गुडघे धरत कशीबशी तिच्यासमोर बसली आणि तोंड उघडून तिला आपले दात दाखवले.

राणी ओंजळ सोडून तहानलेलीच घराकडे निघाली. जाऊ द्या तिला. हात जोडतो, तिला माझ्याकडे परत पाठवू नका.