बाबांचं गाराणं

मिठबावच्या भिकाजींची संचिता इटालियन शिकायला थेट इटलीतल्या विद्यापीठात गेली, तेव्हा गावाने आधी तोंडात बोटं घातली आणि मग विचारलं, "त्याचां करतलंस काय गो?" प्रश्न रास्त होता. उत्तर तिलाही बऱ्याच उशिरा सापडलं.

आधी तिने कादंबऱ्या, कविता, चित्रं, चर्च असं सगळं पचवलं. मग प्रबंधासाठी विषय घेतला तो नापोलीजवळच्या कोळणींच्या प्रार्थनांचा. पुस्तकी इटालियनमधल्या नव्हेत, तिथल्या बोलीतल्या. नवरा समुद्रावर गेला की तिथल्या म्हाताऱ्या देवमातेशी भांडतात, लाडीगोडी लावतात, तिला सुनावतातसुद्धा. ते सगळं ही फोनवर रेकॉर्ड करायची आणि शब्द न् शब्द उतरवून काढायची, म्हातारीने श्वास कुठे घेतला तोसुद्धा. प्राध्यापक बेहद्द खूश होते.

इकडे भिकाजींची गंमत वेगळीच. अख्ख्या वाडीत गाराणं घालावं तर त्यांनीच. देवापुढे नारळ ठेवून "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करायचे आणि मग कोणाची गाय, कोणाचं लग्न, कोणाची मुंबईतली नोकरी, सगळं देवाच्या गळ्यात घालायचे. प्रत्येक मागण्यामागे जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून संचिता सगळ्यात मोठ्याने म्हणायची.

"गो, थंयच्या म्हाताऱ्यांची गाराणी टिपतंस," एकदा ते फोनवर म्हणाले, "मगे तुझ्या बापाशीचां कोण टिपतलो?"

"बाबानू, तुमचां खंय पळान जाता? मे म्हयन्यात इलंय काय घेतंय."

मे आला तेव्हा तिला तिकडे आणखी दोन म्हाताऱ्या भेटल्या होत्या. ती आलीच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

दिवाळीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. ती धावत आली, तोवर त्यांची वाचा गेलेली होती. हात सुधारेल, बोलण्याचं सांगता येत नाही, असं कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. फोनमध्ये परक्या म्हाताऱ्यांचे आवाज भरलेले आणि बापाचा एक शब्द नाही. संचिताला स्वतःची भयंकर चीड आली. त्या म्हाताऱ्यांचाही उगाचच राग आला.

आंब्यांचा हंगाम आला तरी ती घरीच होती. आंबे उतरवायच्या आधी बागेचं रक्षण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ द्यायची त्यांच्या घरची रीत. बाबांना खुर्चीत बसवून मोठ्या कलमाखाली नेलं. सुशीलाने, संचिताच्या आईने, राखणदाराच्या दगडापुढे नारळ आणि विडा मांडला.

"गाराणां तूच घाल गो," आई म्हणाली. "इतकी शिकलंस, तुका चार शब्द येवचे नाय?"

संचिताने हात जोडले. "बा देवा म्हाराजा," इथवर आलं. मग काहीच येईना. पुढचं कधी तिला म्हणावंच लागलं नव्हतं, ते बाबा म्हणायचे. कसंबसं एक वाक्य जुळवलं, तर ते शाळेच्या भाषणातलं निघालं. आईने मान खाली घातली.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. बाबा बोलत होते. शब्द एकही नव्हता, नुसता घोगरा, ओढलेला आवाज. पण चाल तीच, तोच चढ, तोच उतार. ते थांबले आणि वाट बघू लागले.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

संचिताने घाईघाईने फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांनी पुढचं मागणं मांडलं, त्याच्या पुढचं मांडलं. एका जागी ते तिच्याकडे बघून बराच वेळ काहीतरी मागत राहिले. काय मागितलं ते तिला कळलं नाही, आणि आता विचारणार कोणाला?

"व्हय म्हाराजा," ती रडत रडत म्हणाली.

घरी येऊन तिने कानाला फोन लावला, वही उघडली आणि सवयीने उतरवून घ्यायला बसली. पुन्हा पुन्हा ऐकलं. लिहिता आला तो फक्त होकार.